पार्किंगमध्ये गाडी घासली? क्लेम टाकण्याआधी थोडा हिशोब

गाडीकडे परत येता आणि मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर परक्या रंगाचा पट्टा दिसतो. बोटाने पुसून बघायला हात आपसूक पुढे जातो. पुसू नका. मी एकदा ओल्या फडक्याने असा पट्टा चकाचक केला आणि दुसरी गाडी लागली होती हे सांगणारी एकुलती एक खूण घालवून बसलो.

आधी फोटो काढा, तेही गाडी हलवण्यापूर्वी. एक लांबून, ज्यात पार्किंगच्या रेषा, खांब आणि नंबरप्लेटा येतील. मग थोडं जवळून. शेवटी ओरखड्याचा अगदी जवळून. जमिनीपासून ओरखड्याची उंची टेपने मोजा आणि टेपसकट फोटो घ्या. दुसऱ्या गाडीच्या बंपरचा कोपरा ५० सेंटिमीटरवर आणि तुमचा ओरखडाही तिथेच, म्हटल्यावर वाद फार लांबत नाही.

समोरचा चालक हजर असेल तर नाव, फोन, गाडीचा नंबर, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक एकमेकांना द्या. ‘चूक माझीच’ असं जागेवर लिहून देऊ नका. काय घडलं तेवढंच नोंदवा. तुमच्याच हातून उभ्या गाडीला लागलं आणि मालक सापडत नसेल, तर वायपरखाली नाव-नंबराची चिठ्ठी ठेवा. ठोकणारा पसार झाला असेल तर पोलिसांना कळवा आणि सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी मागा, कारण जागा भरली की रेकॉर्डर जुन्यावर नवं चढवतो.

आता क्लेम टाकायचा का? इथे घाई नडते. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही, तर इजा बहुधा वरच्या पारदर्शक थरापुरती आहे आणि पॉलिशने भागेल. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. नख अडकलं तर रंगकाम आलं. पण बंपर फसवतो: प्लॅस्टिक दबून परत जागेवर येतं, आतल्या क्लिपा आणि सेन्सरचे ब्रॅकेट मात्र तुटलेले असतात. म्हणून आतली बाजू तपासूनच गॅरेजकडून एस्टिमेट घ्या.

मग पॉलिसी उघडा. फक्त थर्ड पार्टी विमा (म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च त्यातून मिळत नाही. चूक उघडपणे समोरच्याची असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मिळते का, हे आधी विचारा. स्वतःच्या विम्यातून पैसे घ्यायचे असतील तर एस्टिमेटमधून डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, आणि (पॉलिसीत असेल तर) सुट्या भागांचा घसारा, म्हणजे जुने झाल्याने घटलेली त्यांची किंमत, वजा करा. समजा एस्टिमेट ८,०००, डिडक्टिबल १,००० आणि घसारा २,०००. हातात ५,००० पडतील. क्लेममुळे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला आणि हप्ता पुढच्या वर्षी ४,००० ने, त्यापुढच्या वर्षी २,५०० ने जास्त भरावा लागला, तर तुम्ही १,५०० च्या तोट्यात. बोनस एका झटक्यात जातो आणि वर्षावर्षाने परत चढतो, हे एजंट सहसा आपणहून सांगत नाही.

क्लेम टाकायचाच ठरला, तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने (नुकसान तपासायला येणाऱ्याने) पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नका. मागे घेताना खांबाला घासली असेल तर तसंच सांगा. आणि आता आलोच आहोत तर गेल्या वर्षीचा पुढचा पोचाही यातच उरकून घेऊ, हा मोह आवरा. जुन्या ओरखड्यात धूळ आणि गंज बसलेला असतो, सर्व्हेअरला तो चटकन दिसतो. दोन वेगळ्या वेळचं नुकसान म्हणजे दोन क्लेम.

गाडी परत घेताना दिवसाउजेडी घ्या. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. बंपर आणि पत्र्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का पाहा, रिव्हर्स टाकून सेन्सर वाजतात का तपासा, आणि मगच काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही करा.