इंदूरच्या वीजधोरणासाठी ऊर्जा-प्रणालीचे मॉडेल कसे वापरावे

ऊर्जा-प्रणालीचे मॉडेल, म्हणजे विजेची मागणी, निर्मिती आणि खर्च यांचा संगणकावर मांडलेला हिशेब, करायला बसणारे बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असे विचारतात. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा आहे. प्रथम एका कागदावर लिहावे की निर्णय कोणता घ्यायचा आहे, तो कोण घेणार आणि कधीपर्यंत. ‘इंदूर हरित कसे होईल?’ या प्रश्नाला मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. ‘नर्मदेचे पाणी उपसणारे पंप किती प्रमाणात सौरविजेवर चालवता येतील आणि त्याला किती खर्च येईल?’ या प्रश्नाला ते देऊ शकते.

हेच उदाहरण पुढे नेऊ. आपल्या घरी येणारे नर्मदेचे पाणी खरगोन जिल्ह्यातील जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वाहून आणले जाते आणि त्याच्या उपशाचे वीजबिल महापालिकेच्या तिजोरीवर मोठा भार टाकते. म्हणूनच महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेले कर्ज) काढून जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौरप्रकल्पासाठी पैसा उभा केला. आता हिशेब मांडून पाहावा. सौरसंच वर्षभरात त्याच्या पूर्ण क्षमतेच्या २० टक्के वीज देतो असे गृहीत धरल्यास या प्रकल्पातून सुमारे साडेदहा कोटी युनिट मिळतील. म्हणजे चोवीस तासांची सरासरी काढली तर ६० नव्हे, १२ मेगावॉट. आणि तीही सगळी दिवसाच.

येथेच नवख्या अभ्यासकाची सर्वांत मोठी चूक होते. वर्षाची निर्मिती आणि वर्षाचा वापर यांची नुसती बेरीज जुळवली की कागदावर सारे काही स्वच्छ दिसते, पण रात्री चालणारा पंप ग्रिडमधून मुख्यतः कोळशावरचीच वीज घेत असतो. म्हणून वर्षाचे लहान कालखंड पाडावेत: किमान उन्हाळा, पावसाळा व रब्बी हे तीन हंगाम आणि प्रत्येकात सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र. मध्य प्रदेशासाठी रब्बीचा हंगाम वेगळा ठेवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण या राज्यात विजेची कमाल मागणी सहसा एसी-कुलरच्या उन्हाळ्यात नव्हे, तर गहू-हरभऱ्याला पाणी देणारे कृषिपंप चालू असताना, हिवाळ्यात येते. परप्रांतातील तयार साचा जसाच्या तसा घेतला तर हे वास्तव नेमके निसटते.

कालखंड ठरले की मागणीची आकडेवारी वीज वितरण कंपनीकडून फीडरनिहाय (उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वीजवाहिनीनुसार) मिळवावी. घरगुती, औद्योगिक आणि शेतीचा वापर एकत्र मिसळू देऊ नये. त्यानंतर पर्याय भरावेत: बॅटरी, ग्रिडची वीज, आणि बहुधा सर्वांत स्वस्त असा एक पर्याय, तो म्हणजे दुपारी जास्त उपसा करून टाक्या भरून ठेवणे. मात्र पंपांची व जलवाहिनीची कमाल क्षमता मॉडेलमध्ये अट म्हणून घालावीच, अन्यथा ते अशक्य प्रमाणात पाणी दुपारी उपसून दाखवील.

सॉफ्टवेअर आता निवडावे. निरनिराळ्या धोरणांनुसार वापर व उत्सर्जनाचा हिशेब हवा असेल तर ‘लीप’ (LEAP) हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कोणत्या वर्षी कोणती गुंतवणूक केल्यास एकूण खर्च किमान राहील हे शोधायचे असेल तर मुक्तपणे उपलब्ध असलेले ‘ओसेमोसिस’ (OSeMOSYS) घ्यावे. तासागणिक ग्रिडचे वर्तन पाहायचे असेल तर ‘पायप्सा’ (PyPSA).

पहिले उत्तर आले की लगेच कोणाला दाखवू नये. आधी मागील एखाद्या वर्षाची आकडेवारी घालून मॉडेल त्या वर्षाचे वीजबिल जवळपास बरोबर काढते का, हे तपासावे. नंतर बॅटरीची किंमत, व्याजदर आणि विजेचा दर एकेक करून वरखाली करावेत. अधिकाऱ्यांपुढे एकच आकडा ठेवण्यापेक्षा ‘बॅटरीची किंमत अमुक पातळीखाली आली तरच ती घ्यावी, तोवर टाक्या वाढवाव्यात’ अशा शब्दांत निष्कर्ष ठेवावा, आणि प्रत्येक गृहीतक कोठून घेतले तेही सोबत लिहून द्यावे, कारण निर्णयानंतर पाण्याचा दर भरणारा नागरिकही ते विचारू शकतो.

रब्बीचा पहिला हंगाम संपताच प्रत्यक्ष मीटरचे आकडे आणून मॉडेलच्या अंदाजाशेजारी मांडावेत, आणि जेथे तफावत दिसेल तेथे आधी पंपांचे वेळापत्रक तपासावे.