ओंबीतच कोंब फुटायच्या आत गहू सोंगून घ्या

निफाड, दिंडोरी, सिन्नर, सगळीकडं गहू पिवळा पडलाय आणि मार्चमधल्या अवकाळीचा काही भरवसा नाही, त्यामुळं दाणा दाताखाली कट्ट वाजत असंल तर द्राक्ष काढणीच्या गडबडीत गव्हाला मागं ठेवू नका, मजूर मिळत नसतील तर हार्वेस्टर सांगा पण गहू आधी काढा.

कारण समजून घ्या. आपण द्राक्षाच्या घडाला जे जीए (जिबरेलिक ॲसिड) देतो ना, तेच हार्मोन गव्हाच्या दाण्यात आपोआप तयार होतं. दाणा भिजला की आतला अंकुर जीए सोडतो, ते सालीखालच्या पेशींच्या पातळ थरात जातं, तिथं डेला नावाचं प्रोटीन जनुकांना दाबून बसलेलं असतं ते जीएमुळं मोडून पडतं, मग जीएमिब नावाचं प्रोटीन बनतं आणि ते अल्फा-अमायलेज या एन्झाइमचं जनुक चालू करतं. (आपल्या बुटक्या गव्हांत या डेलाचंच जनुक बदललेलं असतं, म्हणून ताट उंच जात नाही.) एन्झाइम दाण्यातल्या स्टार्चची साखर करतं, कोंब त्यावरच वाढतो. पेरल्यावर हे पाहिजेच, पण ओंबीत झालं तर माल गेला.

याला अडवतं ते दुसरं हार्मोन, एबीए (ॲब्सिसिक ॲसिड). दाणा भरताना ते भरपूर असतं आणि अमायलेजचं जनुक बंद ठेवतं, पण दाणा वाळत आला की त्याचा जोर ओसरतो, त्यात भरणीच्या काळात ऊन कडक पडलं असंल तर सुप्तावस्था, म्हणजे ओल मिळूनही न उगवता थांबायची दाण्याची सवय, अजूनच कमी राहते. लाल गव्हापेक्षा आपल्याकडच्या फिकट दाण्याच्या गव्हात ती बहुतेक वेळा मुळातच कमी, म्हणून मला आपल्या भागाची जास्त काळजी वाटते.

सोंगलेल्या पेंढ्या उघड्यावर ठेवू नका, ताडपत्री जवळच असू द्या, आणि भिजल्याच तर गंजी न लावता उभ्या करून वारा लागू द्या. साठवताना ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे.

भिजलेला गहू चांगल्यात अजिबात मिसळू नका, कोंब दिसला नाही तरी एन्झाइम तयार झालेलं असू शकतं, उन्हात वाळवून ते जात नाही आणि कणीक भिजवली की परत कामाला लागतं, पोळी चिकट होते. बियाण्याला तर हा गहू नकोच.

घरचं बियाणं ठेवणाऱ्यांनी उगवण आत्ता तपासली तर सुप्तावस्थेमुळं कमी दिसू शकते, घाबरू नका, ऑक्टोबरात ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून परत बघा, आठवडाभरात 85 च्या वर चांगले कोंब आले तरच पेरा.