मांजराला तापाची गोळी? अर्धीसुद्धा नको

सांगलीत पावसाळा लागला की घरोघरी सर्दी-ताप. अशात बोकाही अंग टाकून बसला, की कुणीतरी मायेपोटीच पॅरासिटामॉलचा तुकडा दुधात कालवून त्याच्यापुढे ठेवतं. कृपा करून असं करू नका! हे औषध निकामी करणारं विकर (एन्झाइम) मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, प्राणवायू वाहून नेता येत नाही. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. ओठ वर करून हिरड्या बघा: एरवी गुलाबी असतात, आता तपकिरी किंवा निळसर दिसतील. तोंड सुजतं, धाप लागते. पण गोळी पोटात गेल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट बघू नका. गोळीचं पाकीट सोबत घ्या आणि तडक जनावरांचा डॉक्टर गाठा.