अस्तराचे पडदे घरी शिवताय? या चुका टाळा

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे गेला की पश्चिमेच्या खिडकीला नुसता सुती पडदा लावून फारसं भागत नाही. अस्तर लागतंच. त्याने ऊन अडतं आणि वरच्या कापडाचा रंगही लवकर उडत नाही. शिलाई बहुतेक सरळ टाक्यांची, त्यामुळे ब्लाउज शिवण्यापेक्षा हे काम सोपं आहे. तरी पडदे बिघडतात, कारण वरचं कापड आणि अस्तर धुतल्यावर सारखं वागत नाहीत, आणि शिवताना आपण ती एकच समजतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे दोन्ही कापडं सुलट बाजू आत ठेवून चारही बाजूंनी शिवायची आणि उशीच्या अभ्र्यासारखी उलटवायची. नवा असताना असा पडदा झकास दिसतो. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं, पॉलिस्टरचं अस्तर आहे तेवढंच राहतं, आणि ते खालून डोकावतं किंवा आत फुगून बसतं. अस्तरच सुती असेल तर उलटं होतं, वरचं कापड पोटासारखं पुढे येतं. म्हणून जोड फक्त वर आणि दोन्ही बाजूंना द्या. खालची पट्टी दोघांची वेगवेगळी दुमडा. अस्तर वरच्या कापडापेक्षा खालून इंचभर आखूड ठेवा आणि रुंदीलाही थोडं कमी घ्या, म्हणजे बाजूची घडी मागे वळते आणि अस्तर समोरून दिसत नाही. वाऱ्याने ते उडू नये म्हणून खाली फूट-फूटभर अंतरावर इंचभर लांब दोऱ्याची साखळी घालून दोन्ही कापडं सैलसर बांधा.

आधीच चारही बाजूंनी शिवून झालं असेल तर सगळं उसवायची गरज नाही. खालची शिवण आणि दोन्ही बाजूंची शेवटची दहा-बारा इंच शिवण उसवा, पडदा रॉडला लटकवा, दोन दिवसांनी दोन्ही कापडं जिथे येतील तिथे खुणा करून पुन्हा दुमडा. नवीन पडद्यालाही हाच नियम: खालची पट्टी लटकवल्यावरच पक्की करायची. वजनाने कापड थोडं उतरतं, आणि जमिनीवर मोजलेली लांबी भिंतीवर खरी ठरत नाही.

सुती कापड न धुता कापणं ही आळसाची चूक. नागपूरच्या इतवारी-गांधीबाग बाजारातून ताग्यावरचं कापड आणलं की आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. तीन ते पाच टक्के आटणं साधी गोष्ट आहे, म्हणजे सात फुटांच्या पडद्यात चार इंचांपर्यंत फरक.

आता माप. खिडकीची चौकट मोजू नका, रॉड आधी ठोका आणि मग रॉड मोजा. रॉड ६० इंच असेल तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे १२० इंच कापड लागतं. ४८ इंच पन्ह्याचे, म्हणजे ४८ इंच रुंद कापडाचे, अडीच पन्हे होतात. तीन घ्या आणि जोडीतल्या प्रत्येक पडद्याला दीड-दीड द्या, अर्धा पन्हा भिंतीकडच्या बाजूला. ८४ इंच उंचीला खालच्या दुहेरी पट्टीचे ८ आणि वरच्या रिंगच्या पट्टीचे ८ इंच मिळवले की १०० झाले. तिनांचे ३०० इंच, म्हणजे साडेसात मीटरहून थोडं जास्त. आटणं धरून ८ मीटर घ्या. मोठी फुलं किंवा चौकडी असेल तर प्रत्येक पन्ह्यामागे नक्षीच्या एका फेऱ्याइतकं कापड आणखी. दुकानात एवढा हिशेब कागदावर नेलात तर विक्रेता अंदाजाने दोन मीटर जास्त गळ्यात मारत नाही.

पन्हे जोडताना किनार तशीच ठेवली तर शिवण आखडते आणि पडदा उभा नीट पडत नाही. किनार कापून टाका, नाहीतर दर दोन-तीन इंचांवर तिला चिरा द्या. शिवण तरीही गोळा होत असेल तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा, टाका थोडा मोठा करा आणि सुई नवी घाला. पश्चिमेच्या खिडकीला सुती दोरा वापरू नका, उन्हात तो लवकर कुजतो. पॉलिस्टरचा दोरा टिकतो.

ब्लॅकआउट अस्तराला, म्हणजे उजेड अडवणारा लेप दिलेल्या अस्तराला, टाचण्या लावू नका. प्रत्येक भोकातून दुपारी उन्हाचा ठिपका दिसतो, आणि उसवलेली शिवणही तशीच चाळणी सोडून जाते. क्लिपा लावा, आणि एकदाच शिवायचं या तयारीने बसा. लेपाच्या बाजूने इस्त्री फिरवली तर लेप तळाला चिकटतो.

रिंग बसवताना त्यांची संख्या सम ठेवा, म्हणजे पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम असली तर एक टोक खोलीत तोंड काढून उभं राहतं. भोक रिंगच्या आतल्या मापापेक्षा किंचितच मोठं कापा, आणि त्या पट्टीत बकरम (ताठपणा देणारं कडक कापड) घातल्याशिवाय कात्री उचलू नका.

एक खिडकी मात्र सोडून द्या, कुलर बसवलेली. ओलसर हवेत अस्तर दमट राहतं, आणि दोन कापडांच्या मध्ये बुरशीचे काळे डाग पडले की ते धुवूनही सहसा जात नाहीत. तिथे बिनअस्तराचा, आखूड, आठवड्याला धुता येईल असा पडदा पुरे.