इंग्रजी बोलणाऱ्यांना व्हिएतनामी उच्चार कसे शिकवायचे

मी हनोईत राहते आणि इंग्रजी बोलणाऱ्या मित्रमंडळींना व्हिएतनामी बोलायला मदत करते. दर वेळी बघते, माणूस पुस्तक उघडून अक्षरं वाचायला लागतो आणि तिथेच गाडी अडते. म्हणून पहिली गोष्ट, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पुस्तक बंद. लिपी रोमन आहे म्हणून ओळखीची वाटते, पण ती बसवली 17व्या शतकात युरोपातून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी (त्यातल्या अलेक्झांडर द ऱ्होड्स यांचा शब्दकोश 1651 मध्ये रोमला छापला गेला, आणि हे फादर व्हिएतनामला जायच्या आधी गोव्यातही राहिलेले), तिचा इंग्रजी स्पेलिंगशी संबंध नाही. साध्या डीचा उच्चार हनोईत झेड होतो आणि दक्षिणेतल्या सायगावात (आताचं हो ची मिन्ह शहर) य, म्हणजे तिथल्या बायकांचा तो लांब पोशाख इकडे 'आओ झाय', तिकडे 'आओ याय', आणि इंग्रजी माणूस वाचतो 'आओ डाय'.

त्याआधी एक ठरवून घ्या, हनोईची बोली शिकवायची की सायगावची. शिकणाऱ्याला कुणाशी बोलायचंय ते विचारा. 1975 नंतर अमेरिका, ऑस्ट्रेलियात गेलेली बरीच कुटुंबं दक्षिणेची आहेत, सासूबाई सायगावच्या असतील तर हनोईचा झेड शिकवून काय उपयोग? मी पुढे सांगतेय ते हनोईचं.

आता सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, ज्याने शब्दाचा अर्थच बदलतो. हनोईत सहा आहेत, दक्षिणेत होई (तळाशी जाऊन वळणारा) आणि ङा (मधे गळा अडवणारा) हे दोन सूर एक झालेत म्हणून पाच. सहाच्या सहा एकदम शिकवू नका, तीन घ्या: सपाट, खाली उतरणारा, वर चढणारा. मी फळं वापरते. 'झुअ' सपाट म्हटलं की कलिंगड-टरबूज जातीचं फळ, खाली उतरवलं की नारळ, वर चढवलं की अननस. तीन चित्रं टेबलावर ठेवायची, तुम्ही बोलायचं आणि त्याने बोट ठेवायचं, असं दहापैकी नऊ वेळा बरोबर येईपर्यंत त्याला बोलायलाच लावायचं नाही, कारण कानाला फरक कळला नसेल तर तोंड कुठून आणणार?

इंग्रजीतही सूर असतात, फक्त ते वाक्याला लागतात, शब्दाला नाही. म्हणून तिथलेच उचला. आश्चर्याने 'व्हॉट?' म्हणताना आवाज चढतो तो 'साक', म्हणजे वर चढणारा सूर. काही सांडलं की 'अ-ओ' म्हणतात ना, मधे गळा क्षणभर बंद होतो, तोच झटका 'ङा' सुरात आहे. सगळ्यात चिवट सवय मात्र प्रश्नाची. व्हिएतनामी प्रश्न बरेचदा 'खोम' (लिहिताना वेगळं दिसतं) या शब्दाने संपतो आणि तो सपाट सुराचा आहे, पण इंग्रजी माणूस प्रश्न विचारतोय म्हटल्यावर शेवट वर उचलतोच. मी त्या शब्दावर हात टेबलाला समांतर धरून ठेवायला सांगते, हात हलला की आवाजही हलतो.

'फो' या नूडल्सच्या सूपचंही तेच. स्वर 'ओ' नाहीच, ब्रिटिश माणूस 'फर' म्हणताना र गिळतो तसा आहे. बरेच जण 'फ?' असं प्रश्नासारखं म्हणायला शिकवतात, मला ते पटत नाही, कारण चढत्या सुराने तो सोयाबीनच्या मऊ गोड पदार्थाचा शब्द होतो. आवाज खाली न्या आणि तळाशी किंचित वळवा, बस.

व्यंजनात सगळ्यात जास्त वेळ त आणि थ ला द्या. आपल्याला मराठीत हा फरक फुकट मिळालाय, इंग्रजी कानाला तो ऐकूच येत नाही. 'तोय' म्हणजे मी, 'थोय' म्हणजे बस, पुरे. बिचारा स्वतःची ओळख करून द्यायला 'मी' म्हणतो आणि समोरच्याला ऐकू येतं 'पुरे'! उपाय असा, तोंडासमोर पातळ कागद धरायचा आणि 'स्टॉप' म्हणायला लावायचं, कागद जवळपास हलत नाही, मग 'टॉप', कागद उडतो. आता 'स्स्स्तोय' म्हणत म्हणत स हळूहळू मनातल्या मनात न्यायचा.

'ङुयेन' आडनावासाठी 'सिंगिंग' भराभर म्हणायला सांगा आणि पुढचा 'सि' काढून टाका. (मराठी माणसाला शिकवत असाल तर वाङ्मयातला ङ, काम झालं.) ओठ ताणून म्हणायच्या 'ऊ'साठी मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावा, 'ऊ' म्हणत राहायचं, जीभ तिथेच ठेवायची आणि फक्त हसायचं.

शब्दाच्या शेवटचे प, त, क फोडायचे नाहीत, हवा अडवून तिथेच थांबायचं. 'हॉक', म्हणजे शिकणं, याच्या शेवटी तर क बरोबर ओठही मिटतात आणि गाल जरासे फुगतात, हे आरशात दाखवल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

चूक झाली की 'राँग' म्हणू नका. जे ऐकू आलं तेच चित्र उचलून दाखवा. नारळ मागितला आणि समोर अननस आला की तो आपणहून पुन्हा म्हणतो, आणि या वेळी आवाज खाली आणतो.