जुन्या ट्रकचं टॅपेट सेटिंग: या चुका टाळा, नाहीतर व्हॉल्व्ह जळेल

गाडी पाच-सहा लाख किलोमीटर पळाली की टॅपेटचा आवाज येतोच, आणि ड्रायव्हर गॅरेजला आल्या आल्या एकच सांगतो, मिस्त्री तेवढा आवाज बंद करा. चुकीची सुरुवात इथूनच होते. आवाज बंद करणं वेगळं आणि गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांमधली फट, बरोबर लावणं वेगळं. ज्या व्हॉल्व्हचा गॅप वाढलाय तो आवाज करून सांगतो तरी, पण ज्याचा गॅप कमी झालाय तो अगदी गप्प असतो आणि जळतो तोच.

जुन्या इंजिनात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. कॅम पुशरॉडला ढकलतो आणि पुशरॉड रॉकरला, यातलं रॉकरचं टोक, पुशरॉड, कॅम हे झिजलं की गॅप वाढतो. आणि व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बंद होताना जिथं टेकतो ती जागा, झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकला की गॅप कमी होतो, विशेषतः एक्झॉस्टचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो बंद असताना सीटमधून हेडला जाते, मग गॅप संपला की तो पूर्ण बसत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही, वर पेटलेला गॅस कडेनं निसटत राहतो आणि कड खाल्ली जाते.

माझ्या स्वतःच्या गाडीला हे झालंय. उसाचा सीझन चालू होता, गाडी थांबवायला वेळ नव्हता, रस्त्यातल्या एका गॅरेजला चालू इंजिनवर कानानं ऐकून टॅपेट टाइट करून घेतले. गाडी एकदम शांत झाली म्हणून मी पण खूश. दीडेक महिन्यात सकाळी स्टार्टिंगला त्रास, पांढरा धूर, चढाला पिकअप नाही. हेड उतरवलं तर चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला चंद्रकोरीसारखा खाल्लेला. तेव्हापासून कानावर टॅपेट लावायला मी कुणाला देत नाही.

खाली जे सांगतोय ते टाटा २५१५ सारख्या गाड्यांतलं सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्हचं कमिन्स ६बीटी धरून सांगतोय. २४ व्हॉल्व्हवाल्या नवीन इंजिनची पद्धत वेगळी आहे, त्याला हे तसंच लावू नका.

गरम इंजिनवर सेटिंग

यात इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी, आणि हे माप थंड इंजिनचं आहे, म्हणजे ६० डिग्रीच्या खाली. गाडी घाट चढून आली, चहा पिईपर्यंत थांबलो आणि कव्हर उघडलं, हे चालत नाही. हाताला कव्हर कोमट लागलं तरी आत हेड चांगलंच गरम असतं. संध्याकाळी गाडी लावा, सकाळी काम करा.

दहाचं पान

ही चूक मी भरपूर वेळा बघितली आहे. जुने मिस्त्री थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलतात, इनलेट दहा, एक्झॉस्ट वीस. ते इंचाच्या फिलर गेजला (फट मोजायच्या पातळ पानांना) बरोबर आहे, दहा थाऊ म्हणजे ०.२५ मिमी. पण पोराच्या हातात मिमीचा फिलर असतो आणि तो त्यातलं ०.१० चं पान काढतो, म्हणजे गॅप निम्म्यापेक्षाही कमी, आणि इंजिन एकदम शांत चालतं त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. फिलरवर इंच लिहिलंय का मिमी ते आधी बघा, आणि पान वाकलेलं, खाल्लेलं असेल तर सरळ फेकून द्या. दुसरी तसलीच चूक म्हणजे इनलेट-एक्झॉस्टची अदलाबदल, त्यासाठी कव्हर काढल्यावर आधी मॅनिफोल्ड बघून प्रत्येक व्हॉल्व्हजवळ खडूनं खूण करा.

टीडीसी चुकीचा धरणं

टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्याची जागा. पुलीची खूण जुळली म्हणजे एक नंबर कंप्रेशनला आला असं नाही. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, त्यामुळे ती खूण दोनदा येते, एकदा कंप्रेशनला आणि एकदा ओव्हरलॅपला, म्हणजे एक्झॉस्ट बंद होत असताना आणि इनलेट उघडत असताना. ओव्हरलॅपला एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे दाबलेले असतात आणि त्यावर गॅप लावला की सगळंच चुकलं. साधी खात्री म्हणजे सहा नंबरकडे बघायचं. इंजिन थोडं मागेपुढे केल्यावर सहाचे रॉकर हलत असतील, एक उठतोय एक बसतोय, आणि एकचे दोन्ही रॉकर हाताला सैल लागत असतील तर एक नंबर कंप्रेशनला आहे.

६बीटीला टायमिंग पिन पण आहे, ती कॅमच्या गिअरमधल्या भोकात बसते त्यामुळे फक्त कंप्रेशनलाच बसते, फार चांगली सोय आहे. पण पिन बसवून टीडीसी मिळाला की ती लगेच मागे ओढा. ती आत ठेवूनच पुढे इंजिन फिरवलं तर पिन तुटते आणि वेगळंच काम वाढतं.

फिरवताना फ्लायव्हीलला बॅरिंग टूल (इंजिन हातानं फिरवायचं हत्यार) लावा. पंखा धरून फिरवू नका, पात्याला चीर गेली तर नंतर पळताना पातं तुटतं. स्टार्टरचे झटके पण नकोत, खूण पुढे निघून जाते आणि कुणाचं बोट मध्ये असेल तर विचारू नका. आधी बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रल, चाकाखाली ठोकळा.

आता क्रम. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एक नंबर कंप्रेशन टीडीसीला असताना लावायचे ते एकचे दोन्ही, दोनचा इनलेट, तीनचा एक्झॉस्ट, चारचा इनलेट, पाचचा एक्झॉस्ट. मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा आणि उरलेले सहा लावा: दोनचा एक्झॉस्ट, तीनचा इनलेट, चारचा एक्झॉस्ट, पाचचा इनलेट आणि सहाचे दोन्ही. लावून झालेल्यावर खडूनं टिक मारत जा, मध्येच फोन आला की हमखास एखादा राहतो.

मोजायच्या आधीच स्क्रू सैल करणं

कव्हर उघडलं की सगळ्यांचा हात थेट लॉकनटवर जातो. थांबा. आधी १२ च्या १२ गॅप आहेत तसे मोजा आणि वहीत तारीख, किलोमीटर घालून लिहा. पाच मिनिटांचं काम आहे पण जुन्या गाडीत खरी माहिती यातच मिळते. सगळे थोडे थोडे वाढले असतील तर नेहमीची झीज. एकच एक्झॉस्ट कमी झालाय, मागच्या वेळी पण तोच कमी झाला होता, तर सीट चालली आहे, हेड उतरवायची तयारी ठेवा. एकच खूप वाढलाय तर पुशरॉड वाकलाय का, रॉकर खाल्लाय का, कॅम घासलाय का ते बघा.

लॉकनट टाइट करताना स्क्रूही सोबत फिरतो, त्यामुळे स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून नट २४ न्यूटन मीटरला टाइट करा आणि नंतर परत पान घालून बघा. पान ओढताना हलकी ओढ लागली पाहिजे आणि एक साइज जाड पान जायला नको.

सेटिंग करूनही आवाज येतोय

बहुतेक वेळा रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असतो. सपाट पान त्या खड्ड्यावर पुलासारखं आडवं बसतं, फिलर ०.५० दाखवतो पण खरा गॅप खड्ड्याएवढा जास्त असतो. अशा वेळी अंदाजानं अजून टाइट करत बसू नका, रॉकर बदला. रॉकरचा बुश ढिला असेल तरी आवाज राहतो. पुशरॉड काढून काचेवर लोळवा, वाकडा असेल तर लगेच कळतं, आणि परत घालताना खाली टॅपेटच्या (कॅमवर टेकणाऱ्या तुकड्याच्या) वाटीत नीट बसलाय का ते बघा.

गॅप बरोबर, पुशरॉड सरळ, तरी एक सिलिंडर कमजोर असेल तर इंजिन फिरवताना त्याचा रॉकर शेजारच्याएवढा उचलतोय का ते डायल गेजनं मोजा. कमी उचलत असेल तर कॅमचा लोब (उंचवटा) घासलाय आणि तिथं टॅपेट सेटिंगनं काहीही होणार नाही.

आणि कधी कधी तो आवाज टॅपेटचा नसतोच, इंजेक्टरचा असतो. आयडलला एकेका इंजेक्टरचा पाइप नट थोडा सैल करून बघा, ज्याच्यावर ठोका बदलेल तो इंजेक्टर दुरुस्तीला काढा. हे करताना वर फडकं ठेवा आणि हात लांब, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, ती जखम दिसायला लहान पण सरळ हॉस्पिटलची असते.

सगळं झाल्यावर गाडी चार-पाच दिवस चालवा आणि एका सकाळी थंड इंजिनवर फक्त एक्झॉस्टचे सहा परत मोजा. एवढ्या दिवसांत एखादा परत कमी झाला असेल तर स्क्रू सोडून वेळ मारून नेऊ नका, तो व्हॉल्व्ह किंवा सीट संपली आहे आणि हेड आत्ता उतरवलं तर एका व्हॉल्व्हवर भागेल.