प्रॉग मेटलचा शो आहे? निघण्याआधी हे उरकून घ्या

जॅमरूम ठाण्यात वागळे इस्टेटला आणि शो वाशीला, असं ज्या बँडचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकी गोष्टी मागेपुढे झाल्या तरी चालतील, पण सुरुवात क्लिकपासूनच करा, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीपासून.

प्रॉग मेटल म्हणजे अवघड, बदलत्या तालांचं हेवी मेटल, त्यामुळे आपल्या संगीतात सगळं मोजणीवर उभं असतं. गिटारवर ७/८ ची रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आणि ड्रम्सवर ४/४ चा ठेका असेल, तर रिफ आठ वेळा फिरते तेव्हा ठेक्याचे सात बार पूर्ण होतात आणि तिथे दोघं समेवर भेटतात. प्रत्येक गाण्यातल्या अशा जागा कागदावर काढा आणि सगळ्यांनी पाठ करा, फक्त ड्रमरने नाही. स्टेजवर कुणी चुकलं तर मधेच घुसून सावरायला जाऊ नये. हात थांबवायचा, पुढची सम पकडायची. शेवटच्या रिहर्सल्सना एकाने न सांगता क्लिक बंद करावी आणि गाणं तसंच शेवटपर्यंत न्यावं. माझ्या मते अख्ख्या तयारीत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही, आणि बहुतेक बँड नेमकं हेच करत नाहीत.

ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेले भाग) लॅपटॉपवरून वाजणार असतील तर वायफाय, नोटिफिकेशन आणि स्क्रीन झोपणं, तिन्ही बंद. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून गुणगुण येते का, हे घरीच ऐकून घ्या. येत असेल तर ग्राउंड लिफ्टचं (गुणगुण तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायचा डबा हवा. शिवाय पूर्ण सेटची एक स्टिरिओ फाइल फोनमध्ये ठेवा, डावीकडे क्लिक, उजवीकडे ट्रॅक. लॅपटॉप बसला तर फोनमधून निघालेली एक केबल शो वाचवते. इन-इअरच्या (कानात घालायच्या मॉनिटरच्या) बॅटऱ्या नव्या घ्या, "अजून चालतील"वाल्या नकोत.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला आणि ओढून ओढून बसवा. सात-आठ तारांच्या गिटारला खाली ट्यून केलेली जाड तार बसायला वेळ लागतो. आपल्याकडची दमट हवा आणि हॉलचा एसी यांत ट्यूनिंग हमखास सरकतं, म्हणून गिटार पोचल्याबरोबर केसमधून काढून ठेवा आणि अर्ध्या तासाने ट्यून करा.

ड्रम किट बहुतेक वेळा आयोजकांचा असतो. स्नेअर, सिंबल्स, डबल पेडल, हाय-हॅटचा क्लच आणि ड्रम की मात्र आपली. सतरंजी विसरू नका. गुळगुळीत स्टेजवर डबल बास (दोन्ही पायांनी किक) सुरू झाला की किक ड्रम इंचाइंचाने पुढे सरकतो आणि ड्रमर त्याच्या मागे ताणत जातो. जॅमरूममध्येच सतरंजीवर प्रत्येक स्टँडच्या पायाशी रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे चेंजओव्हरला (दोन बँडच्या मधे सामान बदलताना) सतरंजी पसरली की प्रत्येक स्टँडची जागा तयार.

इनपुट लिस्ट (मिक्सरला काय काय जोडायचं त्याची यादी) आणि स्टेज प्लॉट (स्टेजवर कोण कुठे, त्याचा नकाशा) साउंड इंजिनिअरला आठवडाभर आधी व्हॉट्सअॅप करा, छापील प्रतही जवळ ठेवा. त्यात सोलो कुठे आहे, गाणं एकदम कुठे शांत होतं, हे लिहा. त्याने तुमचं गाणं ऐकलेलं नसतं आणि खोटा शेवट आला, म्हणजे गाणं संपल्यासारखं वाटून पुन्हा सुरू होणार असलं, की तो बिचारा फेडर (आवाजाची पट्टी) खाली घेतो. त्याच्याशी नीट बोला, नाव विचारा.

शो उघड्यावर असेल तर वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकारने ठरवून दिलेले मोजके दिवस तेवढे अपवाद. शेवटचं गाणं १४ मिनिटांचं असेल तर ते साडेनऊच्या आसपास सुरू व्हायलाच हवं, नाहीतर आधीचं एखादं गाणं गाळा. कोणतं गाळायचं ते आजच ठरवा. हॉल बंदिस्त असेल तर हा नियम आड येत नाही, पण हॉलची स्वतःची वेळ विचारून घ्या.

टेम्पो ठाणे-बेलापूर रोडने जाणार असेल आणि दिवस पावसाचे असतील, तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलंय का ते निघण्याआधी बघा. साचलं असेल तर मुलुंड-ऐरोली पुलाने जा. सिंबल्स आणि पेडल बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा.

ग्रोल करणाऱ्याने (घशातून गुरगुरत गाणाऱ्याने) त्या दिवशी मामलेदारची मिसळ खाऊ नये. तिखटाने अॅसिड वर आलं की गळा आधीच सोललेला असतो. कोमट पाणी, हलकं जेवण, आणि स्टेजवर जाण्याआधी वीसेक मिनिटं वॉर्म-अप.

इअरप्लग सगळ्यांनी घ्यायचे, सामान उचलायला आलेल्या मित्रांनीसुद्धा. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवरच्या संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलला कानांची मर्यादा १५ मिनिटांची आहे आणि आपला सेट त्याहून कितीतरी मोठा असतो.

एक रिकामा पेनड्राइव्ह खिशात ठेवा. बऱ्याच डिजिटल मिक्सरवर त्यात थेट रेकॉर्डिंग होतं. लाइन चेकच्या (प्रत्येक माइक-केबल तपासायच्या) वेळीच इंजिनिअरला विचारून लावून टाका, कारण सेट सुरू झाल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.